मोरओव्हर, फर्दरमोर आणि माझे सहा बँड

खूप दिवस लिहू लिहू म्हणत होते. आमच्या हॉस्पिटलमधल्या दोघी-तिघी जणी आता आयईएलटीएसची (परदेशी जायला लागणारी इंग्लिशची परीक्षा) तयारी करतायत आणि प्रत्येकीचा फोन त्याच एका गोष्टीवर येऊन अडतो, ताई रायटिंगचं काय करू. प्रत्येकीला तेच तेच तासभर सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच टाकते.

आधी माझं थोडं. शाळा बार्शी तालुक्यातल्या गावात, दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग बीएस्सी नर्सिंग आणि नंतर पुण्यात आयसीयूत नोकरी. इंग्लिश येत नाही असं नाही, दिवसभर फाइलमध्ये इंग्लिशच लिहितो की आपण. पण ते कसलं इंग्लिश, 'पेशंट फेब्राइल, पॅरासिटामॉल गिव्हन, डॉक्टर इन्फॉर्म्ड'. वाक्याला वाक्य जोडायची वेळच येत नाही. तेव्हा निबंध म्हटल्यावर जी धडकी भरली ती दहावीनंतर पहिल्यांदाच.

जून २०२३ मध्ये यूकेला नर्स म्हणून जायला अर्ज करायचं ठरलं. तिथल्या नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिलची (सगळे एनएमसी म्हणतात, आपलं नॅशनल मेडिकल कमिशन नव्हे) अट अशी की आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिकमध्ये लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग प्रत्येकी ७ आणि रायटिंग ६.५ (नऊपैकी, या मार्कांनाच बँड म्हणतात). रायटिंगलाही आधी ७ च लागायचे, २०१८ च्या शेवटी ते ६.५ केले, म्हणजे आपल्याला रायटिंगच जड जातं हे त्यांनाही कळलेलं दिसतं. ओईटी हा दुसरा पर्याय होता, ती परीक्षा डॉक्टर, नर्सेस अशा आरोग्य क्षेत्रातल्या लोकांसाठीच आहे, निबंधाऐवजी पेशंटबद्दलचं पत्र लिहायचं असतं. पण फी जवळपास दुप्पट. नवरा म्हणाला तुला जे सोपं वाटतं ते कर. मी स्वस्त ते केलं.

जुलैत क्लास लावला, दोन महिने, आठ हजार. लिसनिंग-रीडिंग चांगलं घेतलं, खोटं का बोलू. रायटिंगच्या पहिल्याच दिवशी मात्र एक झेरॉक्स पान हातात दिलं, गच्च भरलेलं, साठेक तरी शब्द असतील. मोरओव्हर, फर्दरमोर, नेव्हरदलेस, इन अ नटशेल, लास्ट बट नॉट द लीस्ट, असं सगळं. शिकवणारे म्हणाले हे पाठ करा, प्रत्येक वाक्याची सुरुवात यातल्या एकाने करा, जितके कनेक्टर (म्हणजे हे जोडणारे शब्द) तितका बँड. मी पाठ केलं. नाइट ड्युटीला इन्फ्युजन पंपाचे आकडे बघता बघता पाठ केलं, अगदी स्तोत्र पाठ करतात तसं, आणि मला फार बरं वाटायचं कारण निबंधात काय लिहायचं हा प्रश्न राहायचाच नाही, पहिला शब्द तयार असायचा.

पहिली परीक्षा १६ सप्टेंबर २०२३, शनिवार, कॉम्प्युटरवरची. फी सोळा हजारांच्या वर गेली (ती दर थोड्या दिवसांनी बदलते, बुक करताना साइटवरच बघा). ओळखपत्र म्हणून पासपोर्टच लागतो, आधार नेऊन उपयोग नाही, माझ्यासमोर एक मुलगा त्यावरून परत गेला. आत जाताना फोटो काढतात, बोटांचे ठसे घेतात, घड्याळसुद्धा बाहेर. रायटिंगला एक तास, दोन टास्क. पहिल्यात आलेख किंवा तक्त्याचं वर्णन, कमीत कमी १५० शब्द, दुसरा निबंध कमीत कमी २५० शब्द. निबंधाला दुप्पट वजन असतं म्हणून वीस मिनिटं आणि चाळीस मिनिटं अशी वाटणी करायची. खाली स्क्रीनवर शब्द मोजून दिसतात ते फार सोयीचं. मी भरधाव टाइप केलं, साठातले निदान पंधरा शब्द बसवले, बाहेर येऊन आईला फोन केला की मस्त गेला.

पाचव्या दिवशी निकाल. लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ७, रायटिंग ६. सरासरी ६.८७५ येते आणि ती वर जाऊन ओव्हरऑल ७ होते, त्यामुळे सासूबाईंनी सात मिळाले सात मिळाले म्हणत पेढे आणले आणि मला त्यांना सांगायला तोंड होईना की या साताचा काही उपयोग नाही, सहाने घात केलाय. दोन दिवस पेढ्याचा डबा फ्रीजमध्ये तसाच.

आता वाईट हे की निकालाच्या कागदावर फक्त बँड असतो, कशात कमी पडलात ते कुणी सांगत नाही. री-चेकिंगला टाकता येतं, परीक्षेपासून सहा आठवड्यांत, वेगळी फी भरून, आणि बँड वाढला तर ती फी परत मिळते. क्लासमध्ये म्हणाले टाका. मी तीन वेळा फॉर्म उघडला आणि बंद केला, कारण मनातून माहीत होतं की निबंध वाईटच होता. नुसतं रायटिंग परत द्यायचं वन स्किल रिटेकही आहे, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत द्यावं लागतं, पण जिथे अर्ज करणार ती संस्था ते चालवून घेते का हे आधी विचारून घ्या. माझे साठ दिवस रडण्यात आणि ड्युट्यांत गेले.

ऑक्टोबरमध्ये आमच्या सोसायटीतल्या काकूंकडे गेले. त्या ज्युनियर कॉलेजला इंग्लिश शिकवायच्या, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. आयईएलटीएस म्हणजे काय हेही त्यांना मीच सांगितलं. म्हटलं काकू, एक निबंध वाचून बघता का. विषय होता सरकारने उपचारांपेक्षा आजार टाळण्यावर जास्त खर्च करावा का, म्हणजे आपल्या रोजच्या कामातला. त्यांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. फर्स्टली, प्रिव्हेन्शन इज बेटर. मोरओव्हर, व्हॅक्सिन्स आर चीप. फर्दरमोर, हॉस्पिटल्स आर कॉस्टली. ऑन द अदर हँड, पीपल शुड एक्सरसाइज. तिथे थांबल्या.

"अगं, हा दुसरा हात कुठून आला? पहिला कुठंय?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हणाल्या, व्यायाम करावा हे तू आधी म्हणालीस त्याच्या विरुद्ध आहे का? नाही. मग दुसरी बाजू कुठली? मी म्हटलं, पानावर होतं म्हणून घातलं.

मग त्या जे म्हणाल्या ते मी अजून विसरले नाहीये. म्हणाल्या, तू नळाला पाणी येत नाही म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरीला चिठ्ठी लिहिलीस तर काय लिहिशील? दोन दिवस पाणी नाही, टँकर मागवा. आता हेच असं लिही, 'उपरोक्त विषयास अनुसरून, पाणी नाही. तसेच, टँकर नाही. तथापि, बादली आहे. सबब, आपला विश्वासू.' माझा चहा नाकातून यायचा राहिला. पण खरंच तसंच होतं माझं सगळं. तथापि आणि सबब हे शब्द चुकीचे नाहीत, तहसील कचेरीच्या पत्रात ते शोभतात आणि तिथे त्यांना कामही असतं. माझ्या निबंधात नुसते शब्दच होते, त्यांनी करायचं काम नव्हतंच.

त्या रात्री पहिल्यांदा मी मार्किंगचे निकष वाचले. फुकट आहेत, साइटवर सगळ्यांसाठी ठेवलेत, आणि आठ हजार भरून दोन महिन्यांत मला ते कुणी दाखवले नव्हते. चार निकष असतात आणि चारही सारख्या वजनाचे. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर दिलंय का, मांडणी नि जोडणी, शब्दसंपत्ती, व्याकरण. त्यातल्या जोडणीच्या रकान्यात बँड ६ ला लिहिलंय की जोडणारे शब्द आहेत पण जोडणी चुकलेली किंवा यांत्रिक वाटते. माझंच वर्णन. आणि ९ ला काय लिहिलंय, तर जोडणीकडे वाचणाऱ्याचं लक्षही जवळपास जात नाही. म्हणजे मी जे दाखवायला धडपडत होते ते न दिसण्याचे मार्क होते! पाचच्या रकान्यात तर अतिवापराचा उल्लेख सरळच आहे.

पुढचे तीन महिने असे गेले. आठवड्यातून दोनदा काकूंकडे, ड्युटी बघून, त्या पैसे घेत नव्हत्या म्हणून मी त्यांचं बीपी आणि शुगर बघून यायचे. एक निबंध लिहायचा, मग त्यातले सगळे कनेक्टर पेन्सिलने खोडायचे आणि उरलेलं मोठ्याने वाचायचं. नुसत्या वाक्यांच्या क्रमावरून अर्थ लागतोय का? लागत नसेल तर वाक्यं जागची हलवायची, कनेक्टर नाही घालायचा. लागत असेल तर मग जिथे वाचणारा अडखळेल तिथेच एक शब्द परत आणायचा. पहिल्या निबंधात मी अठरा खोडले आणि परत आणायची गरज पडली ती फक्त चारांची.

मला हे पटायला वेळ लागला, पण पटलं ते वॉर्डमधल्या एका गोष्टीमुळे. आपण डॉक्टरांना फोन करतो तेव्हा एसबीएआर वापरतो ना, आधी आत्ता काय झालंय, मग पेशंटची पार्श्वभूमी, मग मला काय वाटतं, मग काय करायला हवं. त्यात कुठे फर्दरमोर असतं का? रात्री दोन वाजता झोपेतून उठलेल्या डॉक्टरला ते कळतं, कारण क्रमच सगळं जोडून देतो. म्हटलं हे तर मला आठ वर्षं येतंय, निबंध लिहिताना कसं विसरले.

दुसरं म्हणजे 'दिस' हा शब्द. लहानसा, पण मोरओव्हरपेक्षा कितीतरी कामाचा. आधी लिहायचे व्हॅक्सिन्स आर चीप, मोरओव्हर हॉस्पिटल्स आर कॉस्टली. काकूंनी ते असं करून दिलं: लस बेडपेक्षा फार स्वस्त पडते, आणि पुढचं वाक्य 'दिस डिफरन्स मॅटर्स मोस्ट इन रूरल एरियाज' असं सुरू. मागच्या वाक्याला एक नाव द्यायचं, फरक, वाढ, सवय, धोका, आणि ते नाव घेऊन पुढे जायचं. मराठीत आपण 'हा फरक', 'अशी माणसं', 'या सवयीमुळे' असं सहज बोलतोच.

आणि मराठीवरून आठवलं, माझ्या बऱ्याचशा चुका मराठीतूनच आलेल्या होत्या पण गंमत म्हणजे औषधही मराठीतच सापडलं. हा भाग जरा नीट वाचा, तयारीत सगळ्यात उपयोगी मला हाच पडला.

जरी–तरी. मराठीत जरी म्हटलं की तरी येतंच, जोडी आहे ती, म्हणून मी कायम ऑलदो लिहून पुढच्या भागात बट घालायचे. इंग्लिशमध्ये दोन्हीपैकी एकच. ऑलदो ठेवा किंवा बट ठेवा. मी टेबलावर चिठ्ठी लावली होती, 'जरी आला तर तरी नको'.

पण आणि तथापि. 'पण' वाक्याच्या मध्ये बसतं, तसं बट. 'तथापि' सरकारी पत्रात कसं येतं बघा, आधीचं वाक्य पूर्ण, पूर्णविराम, मग तथापि. हाउएव्हरचं तेच. मी नुसता स्वल्पविराम देऊन हाउएव्हर घुसवायचे, ती व्याकरणाची चूक, आणि मग एकाच वाक्यात जोडणी आणि व्याकरण दोन्हीकडे मार खायचा.

कारण आणि -मुळे. कारणच्या पुढे पूर्ण वाक्य लागतं, तसं बिकॉज. -मुळे नामाला चिकटतं, पावसामुळे, तसं ड्यू टू. ड्यू टूच्या पुढे पूर्ण वाक्य लिहायचं नाही. डिस्पाइटही नामच मागतं, आणि त्याला ऑफ नको, ते ऑफ इन स्पाइटचं असतं आणि आपण याचं त्याला लावतो.

उलट आणि याउलट. हे काकूंनी सांगितलं तेव्हा मी थक्क झाले. 'तो आळशी नाही, उलट पहाटे पाचला उठतो', इथे आधीची समजूत खोडून काढलीये, ते ऑन द कॉन्ट्ररी. 'तो पहाटे उठतो, याउलट त्याचा भाऊ दहापर्यंत झोपतो', इथे दोघांची तुलना आहे, खोडलं काहीच नाही, ते इन कॉन्ट्रास्ट. एका 'या'चा फरक. मराठीत कुणी चुकत नाही आणि इंग्लिशमध्ये मी दर निबंधात चुकत होते.

आणि मोरओव्हर म्हणजे शिवाय. शिवायच्या मागचं आणि पुढचं एकाच बाजूला ओढणारं पाहिजे. भाजी महाग होती, शिवाय शिळी होती. ठीक. भाजी महाग होती, शिवाय रिक्षा मिळाली. हे कुणी बोलेल का? तर कुठलाही कनेक्टर लिहायच्या आधी मनात मराठी शब्द बोलून बघायचा, विचित्र वाटला तर तो इंग्लिशमध्येही विचित्रच आहे. शब्दाचं हे असं, वाक्यरचना मात्र मराठीतून आणू नका, तिथे फसायला होतं, जरी-तरीचं बघितलंतच.

पानावरचे इन अ नटशेल आणि लास्ट बट नॉट द लीस्ट कायमचे गेले. बोलायला ठीक आहेत, अशा निबंधात नकोत. फर्स्टली-सेकंडली मी ठेवलं, पण खरंच दोन-तीन कारणं एकाखाली एक मोजायची असतील तरच. हेही सांगते, डिसेंबरमध्ये मी दुसऱ्या टोकाला गेले, एकही कनेक्टर न घालता पूर्ण निबंध लिहून नेला. काकूंनी वाचला आणि म्हणाल्या, आता टेलिग्राम झाला. कमी घातले तरी मार्क जातात, तेव्हा ते टोकही नको.

जानेवारीत परत फी भरली. आधीचे सोळा आणि हे, वर क्लासचे आठ, म्हणजे चाळीस हजारांच्या वर गेलं आणि हातात काही नाही. घरात कुणी बोललं नाही पण आपल्यालाच कळतं. बुकिंगच्या आधी एक गोष्ट तपासली ती तुम्हीही लक्षात ठेवा: एनएमसी दोन परीक्षांचे मार्क एकत्र धरते. दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत दिलेल्या हव्यात, प्रत्येक वेळी चारही भाग दिलेले हवेत, आणि कुठल्याच वेळी कुठलाच भाग हव्या त्या बँडपेक्षा अर्ध्याने जास्त खाली गेलेला नको. म्हणजे रायटिंग ६ च्या खाली नको आणि बाकीचे ६.५ च्या खाली नकोत. माझं पहिलं ६ बरोबर काठावर बसत होतं. हे आधीच कळलं असतं तर सप्टेंबरमध्ये इतकी रडले नसते.

दुसरी परीक्षा १० फेब्रुवारी २०२४, परत शनिवार. गुरुवारी नाइट होती, शुक्रवारी कशीबशी सुट्टी मिळवली. या वेळी निबंधाची पहिली सहा-सात मिनिटं मी काहीच टाइप केलं नाही, दिलेल्या कागदावर चार ओळी लिहिल्या, कुठलं आधी कुठलं नंतर. आजूबाजूला कीबोर्डचा नुसता पाऊस चाललेला, माझ्याच बोटांना खाज सुटली, पण थांबले. शहरातल्या वाहतुकीवरचा विषय होता, मला त्यात फार काही म्हणायचं नव्हतं, जे होतं ते सरळ लिहिलं. एक परिच्छेद लिहिल्यावर लक्षात आलं की दुसरं वाक्य चौथं हवं, कट करून खाली नेऊन चिकटवलं, कॉम्प्युटरवर देण्याचा हा खरा फायदा. शेवटी तीन मिनिटं राहिली त्यात कनेक्टर मोजले. सहा. एक हाउएव्हर, एक ऑलदो (पुढे बट नाही, दोनदा बघितलं), एक फॉर इन्स्टन्स, बाकी साधे. इन कन्क्लूजन होतं, त्याला काही मी हलवलं नाही, शेवट आलाय हे कळायला ते बरं.

बाहेर येऊन आईला फोन केला नाही. खाली गाडीवर वडापाव खाल्ला आणि घरी जाऊन झोपले.

निकाल आला तेव्हा मी ड्युटीवर, लंचमध्ये मोबाइल उघडला. आधी रीडिंग दिसलं, ६.५. पोटात गोळाच आला, जे कधी अडलं नव्हतं तेच घसरलं. मग लिसनिंग ७, स्पीकिंग ७, आणि रायटिंग ६.५. दोन मिनिटं तशीच बसले, मग कागदावर दोन्ही परीक्षा शेजारी शेजारी लिहून काढल्या. रीडिंग सप्टेंबरचं ७, रायटिंग फेब्रुवारीचं ६.५, बाकी दोन्ही वेळा पुरेसं, रायटिंग ६ च्या खाली नाही आणि दुसरं काही ६.५ च्या खाली नाही, पाच महिन्यांचं अंतर. बसलं. सिस्टरना दाखवलं, त्यांनी परत एकदा हिशोब केला, बसलं. अर्ध्या बँडसाठी पाच महिने, पण बसलं.

संध्याकाळी काकूंकडे गेले. त्यांनी विचारलं, मग आता ते पान काय केलंस? पान अजून फाइलमध्येच आहे, त्याच्या मागच्या कोऱ्या जागेत मी जरी-तरी, उलट-याउलट लिहून ठेवलंय, आणि परवा आमच्या ज्युनियरने त्याचाच फोटो मागितला तेव्हा फक्त मागच्या बाजूचाच काढून दिला.

निकालाचे दोन्ही कागद जपून ठेवा, एकत्र धरायचे असतील तर दोन्हींचे नंबर लागतात, आणि निकाल दोनच वर्षं चालतो. यानंतर सीबीटी असते (एनएमसीची नर्सिंगच्या ज्ञानाची कॉम्प्युटरवरची परीक्षा), तिच्यात निबंध नाही.